हिरो कोणाला म्हणायचं?

'इनटू द वाइल्ड' हा २००७ चा पिक्चर लॅपटॉप-लॅपटॉप फिरून आता सगळ्या हॉस्टेलचा बघून झालाय. त्यातला क्रिस मॅककँडलेस खरा माणूस होता. पदवी घेतली, साठवलेले पैसे दान केले आणि १९९२ मध्ये एकटाच अलास्काच्या जंगलात गेला. सोबत तांदूळ, बंदूक, पुस्तकं. पण त्या भागाचा नीट नकाशा नाही. परतताना नदीला पाणी चढलेलं, म्हणून मागे फिरला. थोड्याच अंतरावर नदी ओलांडायचा, हाताने ओढायचा पाळणा होता, हे त्याला कळलंच नाही. ऑगस्टमध्ये तो गेला. वय २४!

आमच्या मजल्यावर निम्म्या मुली म्हणतात, "खरा हिरो!" निम्म्या म्हणतात, "येडा होता." मला त्याचं आकर्षण समजतं. दहावी, बारावी, सीईटी, सबमिशन, प्लेसमेंट... कधीकधी वाटतं, आमच्या उमरी स्टेशनवर मिळेल त्या गाडीत बसावं आणि निघून जावं. पण असं वाटणं वेगळं आणि हिरो म्हणणं वेगळं.

काहीजणी म्हणतात, मेला म्हणजे चुकलाच. हेही पटत नाही. ज्येष्ठ गिर्यारोहक अरुण सावंत जानेवारी २०२० मध्ये हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर गेले. अख्खं आयुष्य सह्याद्रीत घालवलेला माणूस. त्यांना बेफिकीर कोण म्हणेल? आपण फॅक्टर ऑफ सेफ्टी धरतो, तरी एखादा पूल पडतो. पण तो न धरताच पूल बांधणाऱ्याला आपण 'धाडसी इंजिनिअर' म्हणतो का?

माझी शाळा कॉन्व्हेंटची, त्यामुळे हिरकणी मला पुस्तकात नाही, आज्जीच्या गोष्टीत भेटली. रायगडाचे दरवाजे बंद, घरी तान्हं बाळ. ती अंधारात कडा उतरली. धोका क्रिसपेक्षा कमी नव्हता. पण कोणासाठी उतरली, ते बघा.

जुलै २०२४ मध्ये माणगावजवळ कुंभे धबधब्यावर व्हिडिओ काढताना एक तरुणी सुमारे ३०० फूट दरीत पडली. वरून दगड येत असताना बचाव पथकाची मुलं दोराने खाली उतरली आणि कित्येक तासांनी तिला वर घेऊन आली. ती वाचली नाही, याचं वाईट वाटतंच. पण त्या मुलांपैकी एकाचं तरी नाव आपल्याला सांगता येईल?

क्रिसला हिरो केल्यावर काय झालं, तेही ऐका. तो ज्या मोडक्या बसमध्ये राहिला, ती बघायला लोक जाऊ लागले. २०१० आणि २०१९ मध्ये त्या वाटेवरच्या नदीत दोघीजणी बुडाल्या. शेवटी २०२० मध्ये सरकारला ती बस हेलिकॉप्टरने उचलावी लागली.

म्हणून माझं मत सरळ आहे. क्रिसबद्दल माया वाटू द्या, त्याची हिंमतही मान्य करा. पण हिरो हा शब्द दुसऱ्यासाठी दरीत उतरणाऱ्यांसाठी राखून ठेवा.

पावसाळा लागला की आपली गँग सहस्रकुंडला निघणारच. जरूर जा! पैनगंगेचं ते रूप बघण्यासारखंच असतं. फक्त कडेच्या ओल्या खडकावर फोटोसाठी पाय टाकण्याआधी एक प्रश्न विचारा : मी घसरले, तर माझ्यामागे पाण्यात कोण उतरणार? आणि त्याच्या घरी कोण वाट बघतंय?