पेंचच्या वाटेवरील पूल

रामटेकच्या गडावरून उत्तरेस पाहिलें, कीं निळसर डोंगरांच्या रांगा दिसतात. कालिदासाचा रामगिरि तो हाच, असें कित्येक विद्वानांचें मत आहे. यक्षाचा मेघ येथूनच रेवेकडे निघाला. त्याला वाटेंत कोणी अडविलें नाहीं. आमची थोरली मुलगी जबलपूरला, म्हणजे रेवेच्याच सान्निध्यांत दिली आहे. त्यामुळें नागपुराहून त्या दिशेस आमचें पुष्कळदां जाणें होतें. परंतु आम्हांस मेघाची सोय नाहीं.

मनसर मागें टाकून देवलापारकडे निघालें, कीं राष्ट्रीय महामार्ग क्र. ४४ पेंचच्या अरण्यांतून जातो. याच रस्त्याचें रुंदीकरण वनाच्या प्रश्नावरून कित्येक वर्षें न्यायालयांत अडकलें होतें. त्या काळीं, ऐन पावसाळ्यांत, मुलीच्या बाळंतपणाचा निरोप आला असतां आमची गाडी या रानांतल्या एका खड्ड्यांत रुतली. रात्र तेथेंच काढावी लागली. आम्ही पोहोंचलों तेव्हां नात जन्मून पुरता एक दिवस लोटला होता. "माणसांच्या वाटेपेक्षां वाघांचीच काळजी अधिक!" असें मी त्या वेळीं चिडून बोललों होतों.

गेल्या माघांत पुन्हां त्याच रस्त्यानें जात होतों. पुतण्या गाडी चालवीत होता. तो म्हणाला, "काका, आपण आतां पुलावर आहोंत. खालून जनावरें जातात." पूल आहे हें मला कळलेंही नव्हतें.

महाराष्ट्राच्या हद्दींत अशा नऊ वाटा रस्त्याखालून ठेविल्या आहेत. लहानांत लहान ५० मीटर रुंद, तर सर्वांत मोठी ७५० मीटर. डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेनें तेथें आपोआप छायाचित्रें घेणारीं यंत्रें लाविलीं. मार्च ते डिसेंबर २०१९ या अवधींत वन्य पशूंच्या १८ जाति त्यांत दिसल्या. वाघ ८९ वेळां टिपला गेला. अंगावरील पट्टे पाहतां ते ११ निरनिराळे वाघ ठरले.

अरण्य राखलें म्हणजे झालें, असा माझा समज होता. परंतु बच्चा सुमारें दोन वर्षांचा झाला, कीं तो आईपासून वेगळा होतो, आणि नराला तर बहुधा स्वतःचें रान शोधीत दूर जावें लागतें. २०१९ सालीं यवतमाळ जिल्ह्यांतील टिपेश्वरचा एक तरुण वाघ शेतें, ओढे, रस्ते ओलांडीत १,३०० किलोमीटरांहून अधिक चालून बुलढाणा जिल्ह्यांतील ज्ञानगंगा अभयारण्यांत पोहोंचला. पेंचपासून कान्हा व नवेगाव-नागझिरा या वनांकडे झाडीचे पट्टे गेले आहेत. तीच तेथील पशूंची वाट, आणि तिलाच हा महामार्ग छेदतो.

ही वाट बंद झाली तर काय होतें? आपण सोयरीक जुळवितांना गोत्र पाहतों. रानांत ती व्यवस्था तरुण पशूंच्या भ्रमणानें होते. तें थांबलें, कीं भाऊबंदांतच संतति वाढूं लागते. ओडिशांतील सिमलिपालचे वाघ असेच इतरांपासून तुटले आहेत. रुंद काळ्या पट्ट्यांचे वाघ रानांत अन्यत्र दिसत नाहींत; तेथें मात्र ते वारंवार दिसतात. एकाच जनुकांतील बदलाचा हा परिणाम असल्याचें बंगळूरच्या शास्त्रज्ञांनीं २०२१ मध्यें दाखविलें. रंगाचें आपण कौतुक करूं; परंतु ज्या वाटेनें रंग आला, त्याच वाटेनें एखादें वैगुण्यही घराण्यांत शिरूं शकतें.

दुसरें भय याहून साधें आहे. राजस्थानांतील सरिस्का येथें चोरट्या शिकारीनें एकही वाघ उरला नाहीं, हें २००५ सालीं उघड झालें. शेजारच्या रानांतून नवा वाघ चालत येण्याची आशा नव्हती. अखेर २००८ मध्यें रणथंभोरहून हेलिकॉप्टरनें आणावा लागला. जोडलेलें वन रितें झालें, तरी पुन्हां भरूं शकतें. एकाकी वन रितें झालें, तें रितेंच राहतें.

अर्थात् नुसत्या पुलानें भागत नाहीं. त्याच्या दोन्ही अंगांची झाडी तोडून तेथें घरें व हॉटेलें उठलीं, तर खालची वाट कोणासाठीं?

त्या दिवशीं उजेडींच मुलीच्या दारांत उतरलों. नात धांवत पुढें आली. तिच्या जन्माच्या रात्रीं मला जी वाट हवी होती, तशीच रानांतल्या पशूलाही हवी होती, हें समजण्यास मला इतकीं वर्षें लागलीं. वाचकांपैकीं कोणी त्या रस्त्यानें गेले, तर पुलावर गाडी उभी करूं नये व भोंगाही वाजवूं नये. आपल्या खालून त्याच वेळीं कोणी तरी आपल्या वाटेनें जात असेल.