चिखल करावा लागतो

शहरात चिखल होतो. पाऊस पडला, रस्ता खणलेला असला की आपसूक होतो आणि लोक महापालिकेच्या नावानं बोटं मोडतात. कोकणात तो करावा लागतो. त्याला बैल किंवा पॉवर टिलर लागतो, भरपूर पाणी लागतं, आणि बिघडला तर घरच्यांची बोलणी खावी लागतात.

आषाढात संगमेश्वर तालुक्यात एका ओळखीच्या घरी गेलो, तेव्हा त्यांची चिखलणी चालली होती. नांगरून झालेल्या खाचरात पाणी तुंबवलेलं, खेकड्यांनी बांधाला पाडलेली भोकं लिंपून घेतलेली. काका टिलर उभा-आडवा फिरवत होते आणि उलटलेल्या मातीतले किडे टिपायला बगळे मागे लागले होते. मी बांधावरून उतरायला लागलो तसे ते ओरडले, "चपला वर ठेवा! नाहीतर त्यांचीही लावणी होईल."

एवढा खटाटोप कशासाठी? तर जांभ्याची लाल माती पाणी धरून ठेवत नाही. ओल्या मातीत नांगर पुन्हापुन्हा फिरला की ढेकळं विरघळतात, बारीक कण सावकाश खाली बसतात आणि पाणी झिरपण्याच्या वाटा बुजवतात. तणही त्यातच गाडलं जाऊन कुजतं. ज्वारीची मुळं अशा जमिनीत गुदमरतील. भाताला मात्र ती मानवते, कारण त्याच्या खोडा-मुळांतल्या पोकळ्यांतून हवा खालपर्यंत पोचते.

पण चिखलालाही प्रत असते. पातळ राहिला तर रोप उभं न राहता तरंगू लागतं, आणि फार वेळ तसाच ठेवला तर बसून इतका घट्ट होतो की लावणाऱ्यांची बोटं सोलवटतात. त्या दिवशी पाणी जरा जास्त राहिलं होतं. "ह्यात भात लावायचा की मासे सोडायचे?" काकूंनी लावणीच्या रांगेतून, मान वर न करता विचारलं. काका काही बोलले नाहीत. फावड्यानं बांध थोडा फोडून त्यांनी पाणी खालच्या खाचरात सोडलं.

संध्याकाळी काकू पायाच्या बोटांच्या बेचक्यांत खोबरेल आणि हळद भरत बसल्या. चिखल्या झाल्या होत्या. सतत ओल राहिली की तिथली कातडी पांढरी पडते, सोलते, बुरशी धरते. पाय कोरडे ठेवा, असा सल्ला डॉक्टर देतात. लावणीच्या दिवसांत तो पाळायचा कसा, हे त्यांनाच विचारायला हवं.

घाट चढून कोल्हापूरकडे गेलं की चिखलाचं नाव बदलतं, पावसानं अंगणात 'राडा' होतो. मुंबईत राडा झाला म्हणताच दुकानदार शटर खाली ओढतात. चिखलदऱ्याला मात्र कुणी चिखल शोधत जाऊ नये. त्या नावाचा संबंध भीमानं मारलेल्या कीचकाशी सांगतात. निवडणुकीत होते ती चिखलफेक. ज्यांच्याकडे खरा चिखल असतो, त्यांना फेकाफेकीला सवड नसते.

आणि एक चिखल लाल असतो. भास्कर चंदनशिव यांची 'लाल चिखल' ही कथा शाळेच्या पुस्तकातून अनेकांपर्यंत पोचली. बाजारात भाव न मिळाल्यानं आपलेच टोमॅटो तुडवणारा शेतकरी तिच्यात आहे. ते दोन शब्द पुढे बातमीदारांनी उचलले. टोमॅटो गडगडले की मथळा ठरलेला. ऑगस्ट 2021 मध्ये नाशिक आणि औरंगाबादकडच्या शेतकऱ्यांना घाऊक बाजारात किलोला 2-3 रुपये मिळू लागले, त्यात तोडणी आणि गाडीभाडंही सुटेना, तेव्हा त्यांनी रस्त्यावर क्रेटच्या क्रेट रिकामे केले.