ऑस्करचा श्रावण

शिकारी मासा पाळणं तसं सोपं. त्याच्या तोंडी जाणारा मासा पाळणं, हे खरं काम.

आमच्या दिवाणखान्यात एक ऑस्कर आहे. ॲमेझॉनच्या खोऱ्यातलं हे वाण दुकानातून आणताना दोन बोटांएवढं असतं आणि बघता बघता फूटभर होतं. माणसं ओळखतं, टाकीतला दगड हलवला की रुसतं. त्याच्यासाठी फिल्टर, दिवा, सगळा थाट. आणि बाल्कनीत, तुळशीच्या कुंडीपलीकडे, एक निळं प्लॅस्टिकचं पिंप. पाहुण्यांना वाटतं, पाणीकपातीची सोय. झाकण सरकवलं की हायड्रिलाचा गुंता दिसतो आणि त्याखाली गप्पींची वस्ती.

महाराष्ट्राला गप्पी ठाऊक आहे तो शोभेचा मासा म्हणून कमी, हिवतापवाल्यांचा मासा म्हणून जास्त. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या आवारात ‘गप्पी मासे पैदास केंद्र’ अशी पाटी लावलेला हौद गावाकडच्या बहुतेकांनी पाहिलेला असतो. डासांच्या अळ्या खातो म्हणून त्याला विहिरी-डबक्यांत सोडतात. मूळचा तो दक्षिण अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यातला आणि त्रिनिदादसारख्या बेटांवरचा. तिथल्या रॉबर्ट जॉन लेचमिअर गप्पी या गृहस्थांनी लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला नमुने पाठवले आणि १८६६ साली त्यांचं आडनाव माशाला चिकटलं. पीटर्स नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने १८५९ मध्येच त्याचं बारसं करून ठेवलं होतं, पण लोकांनी गप्पीच उचलला.

शिकारी माशाला द्यायला बाजारात छोटे गोल्डफिश मिळतात. ते देऊ नयेत. गोल्डफिशच्या अंगात थायमिनेज नावाचं विकर असतं. ते बी-१ जीवनसत्त्व मोडतं. महिनोन्‌महिने त्याच्यावरच पोसलेला मासा दिसायला गुबगुबीत आणि आतून पोखरलेला. शिवाय दुकानातल्या खचाखच टाकीतून येताना पांढऱ्या ठिपक्यांचा रोग आणि अंगात रुतणारे परजीवी फुकट येतात. म्हणून घरची पैदास.

पैदास करायची म्हणजे फारसं काही करायचं नसतं, आड यायचं नाही एवढंच. एका नरामागे दोन-तीन माद्या, रात्रभर ठेवलेलं शिळं पाणी, दाट पाला. गप्पी अंडी घालत नाही, पिल्लं देते. साधारण चार आठवडे जातात. मादीच्या पोटामागचा काळा डाग गडद होत जातो, पोट चौकोनी दिसायला लागतं, ती कोपरा धरते. पिल्लू बाहेर येतं ते दुमडलेलं, डोकं आणि शेपूट एकत्र. क्षणभर नुसतं खाली घसरतं. मग अंग सरळ होतं आणि ते तीरासारखं पाल्यात घुसतं. अंग जवळजवळ पारदर्शक, त्यामुळे आधी दिसतात ते डोळेच. घाईला कारण आहे: आईच वळून त्याला गिळायला बघते.

पहिले काही दिवस उकडलेल्या अंड्याचा बलक, फडक्यातून गाळून, चिमटीत मावेल त्याहूनही कमी. जास्त झाला की पाणी नासतं. मोठ्यांनाही नीट खाऊ घालावं लागतं, कारण ऑस्करच्या पोटात शेवटी गप्पीच्या पोटातलंच जातं. उपाशी गप्पी देणं म्हणजे रिकामं ताट वाढणं. मादी एकदा मिळालेलं बीज काही महिने साठवून ठेवते, त्यामुळे नर नसला तरी एकामागून एक वेत होतच राहतात.

आणि मग जाळी. जाळीत नारिंगी शेपटीचा, खांद्यावर मोरपंखी ठिपका असलेला नर आला की मनगट आपोआप कलतं आणि तो परत पाण्यात. वाकड्या कण्याचे, फिकट, कळाहीन नर आणि राखाडी माद्या वाटीत.

त्रिनिदादच्या ओढ्यांत नेमकं उलटं घडतं. धबधब्याखाली, जिथे मोठे शिकारी मासे असतात, तिथले नर फिके; वर, जिथे ते शिकारी चढू शकत नाहीत, तिथे रंगांची उधळण. जॉन एंडलर या जीवशास्त्रज्ञाने १९७६ मध्ये अरीपो नदीच्या परिसरात शिकाऱ्यांच्या पट्ट्यातले २०० गप्पी उचलले आणि मोठे शिकारी नसलेल्या एका ओढ्यात सोडले. दोन वर्षांच्या आत, सुमारे १५ पिढ्यांत, नरांच्या अंगावरचे ठिपके वाढले, मोठे झाले. पुढे डेव्हिड रेझनिक आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की शिकाऱ्यांच्या धाकात जगणारे गप्पी लवकर वयात येतात, पिल्लं लहान देतात पण जास्त देतात. तिथे रंग जीव घेतो. आमच्या पिंपात रंगामुळे जीव वाचतो. ऑस्कर बिचारा फक्त तोंड उघडतो, शिकार कुणाची व्हायची ते जाळी धरणारा ठरवतो. याचा परिणाम असा की आता पिंपातले झाडून सगळे नर देखणे झालेत आणि वाटीत कुणाला काढावं हा पेच वाढलाय.

टाकीत पडल्यावर गप्पी लगेच पळत नाहीत, हे मला अजून नवल वाटतं. दोघं-तिघं मिळून ऑस्करच्या अगदी जवळ जातात, थांबतात, त्याला न्याहाळतात, मागे सरकतात. त्यांच्या कित्येक पिढ्यांनी शिकारी पाहिलेला नाही, तरी ही टेहळणी रक्तातच असावी. ऑस्कर हलत नाही. मग जबडा पुढे येतो, तोंडात पाणी खेचलं जातं आणि त्या पाण्याबरोबर गप्पी. दात लागायची वेळच येत नाही.

आमचं घर मासे खाणारं. बांगडे आणताना कुणाचा हात थरथरत नाही, पण वाटी टाकीत ओतायची वेळ झाली की आई आत निघून जाते. ‘आपण आणतो ते मेलेलं असतं रे,’ हा तिचा युक्तिवाद. त्यावर मी वाद घालत नाही. कोळणीच्या टोपलीत बांगडा कसा पोचतो ते तिलाही ठाऊक आहे. श्रावण लागला की तिचा हुकूम सुटतो: घरात कुणालाच मासे नाहीत, तर त्यालाही नाहीत. थेट अनंत चतुर्दशीपर्यंत ऑस्कर दुकानातल्या गोळ्यांवर. पहिले एक-दोन दिवस तोंडातली गोळी थुंकून दाखवतो, मग खातो. रंग तोच, वाढ तीच, मस्तीही तीच.

तेव्हा खरं सांगायचं तर ऑस्करला जिवंत माशाची गरज नसते. चांगल्या गोळ्या, अधूनमधून सोललेली कोळंबी, एवढ्यावर त्याचं उत्तम चालतं. शिकार बघायची हौस आपली असते आणि तिचं बिल माशाच्या नावावर फाडायचं काही कारण नाही. हौस भागवायचीच असेल तर घरच्या, निरोगी, पोटभर खाल्लेल्या गप्पींवर भागवावी, तीही क्वचित.

आणि पिंप भरून वाहायला लागलं, ते लागतंच, तर जास्तीचे गप्पी दुसऱ्या हौशी माणसाला द्या. ओढ्यात, तळ्यात नेऊन सोडू नका. ते इथले नव्हेत, आणि पोटात बीज साठवलेली एकटी मादीसुद्धा तिथे नवी वस्ती उभी करू शकते.