पाणी टिकेल तेवढ्या दिवसांत

खानदेशात पावसाने जोर धरला, की कपाशी-ज्वारीच्या शेतांवर पिवळसर तांबूस चतुरांचे थवे पंख फारसे न हलवता तरंगू लागतात. शास्त्रीय परिभाषेत ‘पँटाला फ्लॅव्हेसेन्स’ म्हटली जाणारी ही जात जळगाव-धुळ्याकडच्या माणसाला जन्मभर भेटत राहते. बालपणी शेपटीला दोरा बांधून उडवण्यापुरती तिची ओळख असते, आणि पेरणीची चिंता खांद्यावर आल्यावर तोच माणूस खाली उतरलेल्या थव्यांकडे पाहून पावसाचा अंदाज बांधू लागतो.

पाणथळ जागा म्हटली, की तापी-पूर्णेच्या संगमापाशी पसरलेला हतनूरचा जलाशय, जळगावचा मेहरुण तलाव किंवा धुळ्याचा नकाणे तलाव डोळ्यांपुढे येतो. परंतु या चतुराची मादी अंडी घालण्यासाठी बहुधा नुकत्याच पावसाने भरलेले उथळ डबके पसंत करते, कारण बारमाही पाण्यात अळ्यांना, म्हणजे पाण्यातच वाढणाऱ्या पंखहीन पिल्लांना, गिळणारे मासे असतात. खानदेशची काळी माती भिजून फुगली व तिच्या भेगा मिटल्या, की पाणी मुरणे मंदावते आणि सखल भागात ते साचून राहते. अशा पाण्यात अळी जबड्याखाली घडी करून ठेवलेला लांब ओठ क्षणार्धात पुढे फेकून डासांच्या अळ्या पकडते, गुदमार्गात असलेल्या कल्ल्यांनी श्वास घेते आणि संकट दिसताच तेथूनच पाण्याचा झोत मागे सोडून पुढे झेपावते. उबदार पाण्यात तिची वाढ सहा-सात आठवड्यांत पुरी होऊ शकते. मग एखाद्या रात्री ती गवताच्या काडीवर चढते, पाठीवरची कात उकलते आणि चुरगळलेले पंख हळूहळू ताणून उजाडेपर्यंत उडण्याजोगी होते.

म्हणूनच शहरांच्या कडेला बिनशेती प्लॉट पाडताना मुरूम टाकून बुजवले जाणारे प्रत्येक डबके ही खरी हानी आहे, मग जलाशयांच्या यादीत त्याचे नाव असो वा नसो. त्यातच चकाकत्या मोटारीच्या पृष्ठभागावरून परावर्तित होणारा प्रकाश पाण्यावरच्या प्रकाशासारखा असल्याने माद्या कधी कधी तापलेल्या पत्र्यावरच अंडी घालतात.

पावसाळा सरून ईशान्येचे वारे वाहू लागले, की थवे विरळ होतात. चार्ल्स अँडरसन यांनी २००९ मध्ये मालदीवमधील निरीक्षणांच्या आधारे असे मांडले, की ऑक्टोबरपासून तेथे लाखोंनी उतरणारे हे चतुर भारताकडून येतात आणि वाऱ्याच्या साहाय्याने समुद्र ओलांडून पूर्व आफ्रिका गाठतात. पुढे २०१२ मध्ये पंखांतील हायड्रोजनच्या समस्थानिकांच्या, म्हणजे एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनांच्या अणूंच्या, अभ्यासानेही त्यांचे उगमस्थान उत्तर भारत किंवा त्याहून उत्तरेकडे असल्याचे सुचवले. जाऊन-येऊन हा प्रवास चौदा ते अठरा हजार किलोमीटरांचा मानला जातो आणि तो एकाच चतुराच्या आयुष्यात पुरा होत नाही. आफ्रिकेच्या पावसात जन्मलेली पुढची पिढी नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांबरोबर भारताकडे वळते.