गरम डोक्याचा कॉम्प्युटर

तुमच्यापैकी किती जणांनी आपला कॉम्प्युटर स्वतःच्या हाताने जोडलाय? मी जोडलाय. आणि जोडताना केलेली घोडचूकही आज तुम्हाला सांगणार आहे, काही न लपवता!

गोष्ट २०२३ सालच्या दिवाळीच्या सुट्टीतली. मी अकरावीत होतो. दहावीला बरे मार्क पडले म्हणून बाबांनी कबूल केलं होतं, "साठ हजारांत बसव. त्यावर एक रुपया मिळणार नाही." बाबांचं डोंबिवलीला स्कूटर दुरुस्तीचं छोटं गॅरेज आहे. साठ हजारांसाठी किती स्कूटरी खोलाव्या लागतात, ते मी लहानपणापासून बघतोय.

मी यादी केली. तिच्यात सगळ्यात वर काय होतं, सांगू? रंगीत दिव्यांचा, पाण्यावर चालणारा कूलर, आठ हजारांचा! तो बसावा म्हणून ग्राफिक्स कार्ड हलकं घेतलं होतं. बाबांना कॉम्प्युटरमधलं काही कळत नाही, पण यादी त्यांनी नीट वाचली.

"हा कूलर काय करतो?"

"प्रोसेसर थंड ठेवतो."

"आणि गेम कोण पळवतो?"

"जास्त करून ग्राफिक्स कार्ड."

"म्हणजे मडगार्ड चकाचक आणि इंजिन लहान! असं कोण घेतं रे?"

झालं! यादी पुन्हा लिहिली. आता आधी ग्राफिक्स कार्ड ठरवलं, आठ जीबीचं आरएक्स ६६००. मग त्याला साजेसा प्रोसेसर, रायझन ५ ५६००. त्याला चालणारा बी५५० मदरबोर्ड, आठ-आठ जीबीच्या दोन रॅम, एसएसडी, कॅबिनेट. एसएमपीएसवर मात्र काटकसर केली नाही. कार्डाला १३२ वॉट लागतात, प्रोसेसर ६५ वॉटचा. तरी ५५० वॉटचा चांगला एसएमपीएस घेतला. सगळ्या भागांना वीज तोच पुरवतो, तो बिघडला तर बाकीच्यांनाही घेऊन बुडतो, बरं का!

तुम्ही म्हणाल, या प्रोसेसरच्या खोक्यात कूलर फुकट येतो, मग वेगळा कशाला? बरोबर आहे. तो पुरतोही. पण छोटा पंखा जोरात फिरला की आवाज करतो, आणि आमच्या घरी ज्या खोलीत कॉम्प्युटर, त्याच खोलीत आजी झोपते. म्हणून दोन हजारांचा उभा, मोठ्या पंख्याचा कूलर घेतला. त्याची उंची १५५ मिलिमीटर. आमच्या कॅबिनेटमध्ये १६० पर्यंत मावतो, हे आधी बघून ठेवलं होतं. तुम्हीही बघा, नाहीतर झाकण लागायचं नाही!

हा कूलर चालतो कसा, ते मजेशीर आहे. प्रोसेसरची उष्णता निघते नखाएवढ्या तुकड्यातून. ती तांब्याच्या नळ्या वर नेतात. नळीतली हवा काढून आत थोडंसं पाणी ठेवलेलं असतं. हवा नसल्यामुळे ते कमी तापमानालाच उकळतं. वाफ वर जाते, ॲल्युमिनिअमच्या पातळ पत्र्यांपाशी थंड होते आणि पाणी होऊन परत खाली येते. पत्र्यांना वारा घालायला पंखा. बाबा म्हणाले, "स्कूटरच्या इंजिनालाही असेच पत्रे असतात की!"

ग्रँट रोडच्या लॅमिंग्टन रोडवरून सगळं आणलं, रात्री जोडलं. चालू झालं! आजीने हळदकुंकू वाहिलं. पण गेम सुरू केला की दहा मिनिटांत प्रोसेसर ९० अंशांवर जायचा आणि गेम अडखळायचा. दोन दिवस तेच. मी बाबांना ठासून सांगितलं, "दुकानदाराने खराब पीस गळ्यात मारला."

तिसऱ्या दिवशी बाबांनी गॅरेज बंद ठेवलं. कॅबिनेट खांद्यावर घेऊन लोकलने दादर, तिथून गाडी बदलून ग्रँट रोड. दुकानात गिऱ्हाइकांची गर्दी होती. सगळ्यांसमोर मी म्हणालो, "काका, तुम्ही आम्हाला फसवलंत."

काका काही बोलले नाहीत. त्यांनी चार स्क्रू सोडवले, कूलर उचलला आणि उलटा धरला. तळाला पारदर्शक प्लॅस्टिकचा पापुद्रा तसाच चिकटलेला! लावण्याआधी काढा, असं त्याच्यावर ठळक छापलेलं होतं.

धातूचे दोन पृष्ठभाग कितीही गुळगुळीत दिसले, तरी त्यांत बारीक खड्डे असतात. तिथे हवा अडकते आणि उष्णता पुढे जात नाही. म्हणून मध्ये वाटाण्याएवढी पेस्ट लावायची असते. मी पेस्ट लावली होती, पण वर प्लॅस्टिकचं पांघरूणही घातलं होतं!

काकांनी जुनी पेस्ट पुसली, नवी लावली, कूलर बसवला. पैसे घेतले नाहीत. मला "सॉरी" म्हणायचं होतं, पण आवाजच फुटेना. बाबाच हात जोडून म्हणाले, "माफ करा शेठ, पोरगं आहे." ते ऐकून मला जास्त लाज वाटली. मग कसाबसा मीही म्हणालो.

परतीच्या लोकलमध्ये बाबा रागावले नाहीत. दिव्यापर्यंत गप्प होते. मग एवढंच म्हणाले, "माझ्याकडेही लोक येतात, पेट्रोलचा कॉक बंद ठेवून. म्हणतात, इंजिन खराब केलंत."

आता तोच गेम खेळताना प्रोसेसर सत्तर अंशांच्या आत राहतो आणि आजी शांत झोपते. मित्र कॉम्प्युटर जोडायला मला बोलावतात. तो पापुद्रा माझ्या कंपासपेटीत आहे. जोडायला बसण्याआधी मी तो सगळ्यांना दाखवतो.