गोधडीचा हिशेब

जुना लॅपटॉप चालत असताना फोटो आणि रेकॉर्डिंग ठेवायला नवी हार्ड डिस्क विकत घेणं म्हणजे पैशाची नासाडी, असं मी कित्येक वर्षं ज्याला त्याला पटवून देत होते. ते मत मी सोडलं आहे. सोडायला उशीर झाला आणि त्या उशिरात माझ्या आत्याचा आवाज काही ठिकाणी कायमचा गेला, म्हणून हे लिहिते आहे.

आमच्या घरात काही टाकलं जात नसे. आजीच्या विटलेल्या नऊवारीची गोधडी व्हायची, गोधडी फाटली की तिचं पायपुसणं. हे संस्कार माझ्यात खोल आहेत आणि ते चुकीचे आहेत असं मला आजही वाटत नाही. त्यामुळे 2013 साली घेतलेला लॅपटॉप 2018 मध्ये रोजच्या कामाला जड वाटू लागला, तेव्हा तो भंगारात देण्याचा विचारही शिवला नाही. त्यात 500 जीबीची चांगली डिस्क होती. दुसऱ्या लॅपटॉपला साध्या यूएसबी केबलने जोडून तो पेनड्राइव्हसारखा वापरता येत नाही, कारण दोन्हीकडचे पोर्ट यजमानाचे, पाहुणा व्हायला कुणी तयार नाही. म्हणून भाच्याच्या मदतीने मी त्यावर लिनक्स बसवलं, सांबा नावाची मोफत प्रणाली चालू केली आणि घरच्या वायफायवरून त्यातलं एक फोल्डर सगळ्यांना दिसेल असं केलं. झाकण मिटलं तरी यंत्र झोपणार नाही अशी सेटिंग करून लॅपटॉप पुस्तकांच्या कपाटावरच्या फळीवर ठेवला. वयाच्या साठाव्या वर्षी हे सगळं जमलं याचा मला फार आनंद झाला होता.

त्या फोल्डरमध्ये सगळ्यात मोलाचं होतं ते आत्याचं. आत्या मुळशी खोऱ्यातली. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, त्या कामात मुळशीच्या बायकांचा वाटा मोठा आहे. त्याबद्दल वाचलं आणि वाटलं, आपल्या घरातली आत्या तर अजून गाते आहे. 2015 पासून मी छोटा रेकॉर्डर घेऊन तिच्याकडे जाऊ लागले. जातं बंद होऊन वर्षं लोटली होती. पण ती जमिनीवर बसून नुसता हात फिरवायची, तेव्हाच तिला ओवी सुचायची. 2019 च्या पावसाळ्यात आत्या गेली. तोवर 41 रेकॉर्डिंग झाली होती, प्रत्येक साधारण तासाभराचं. लॅपटॉपवर चढवलं की मी रेकॉर्डरचं कार्ड पुसून टाकायचे. ते सुरक्षित जागी गेलं, अशी माझी खात्री होती.

भाचा म्हणायचा, "मावशी, एक पोर्टेबल ड्राइव्ह घेऊन ठेव ना. चार-पाच हजारांचा तर प्रश्न आहे." मी त्याला माझे मुद्दे ऐकवायचे. एक म्हणजे ही डिस्क फुकट आहे. दुसरं म्हणजे लॅपटॉपला स्वतःची बॅटरी आहे, वीज गेली तरी तो बंद पडत नाही, अशी सोय बाजारातल्या कुठल्या ड्राइव्हला आहे?

फुकट हा शब्द मी तपासून पाहिलाच नव्हता. तो लॅपटॉप नुसता बसल्या जागी 20 वॅटच्या आसपास वीज घ्यायचा. दिवसाला जवळजवळ अर्धा युनिट, वर्षाला 175 युनिट. युनिटला आठ-दहा रुपये धरले तर वर्षाचे दीड हजार. तीन वर्षांत नव्या ड्राइव्हचे पैसे मी विजेच्या बिलात भरून मोकळी झाले होते, आणि ड्राइव्ह काही मिळाली नव्हती. पोर्टेबल ड्राइव्ह जोडलेली असेल तेवढा वेळच दोन-चार वॅट घेते, बाकी कपाटात पडून असते. वेगाचं तर बोलायलाच नको. आतल्या खोलीतून वायफायवर सेकंदाला तीन-चार एमबी जायचे. लग्नाचं 60 जीबीचं चित्रण चढवायला चार तासांहून जास्त लागले. तेच काम यूएसबी 3 ची साधी ड्राइव्ह दहा-बारा मिनिटांत करते.

पण पैसा आणि वेळ यांनी माझं मत बदललं नाही. बॅटरीपासून त्याला तडा जायला लागला. 2021 च्या उन्हाळ्यात फळी पुसताना दिसलं की लॅपटॉपचं झाकण नीट मिटत नाही. उघडून पाहिलं तर टचपॅड वर उचलला गेला होता. लिथियमची बॅटरी वर्षानुवर्षं पूर्ण भरलेली आणि गरम राहिली की तिच्या आत वायू तयार होतो आणि ती फुगते. जी बॅटरी मी फायद्यात मोजत होते, ती पुस्तकांच्या कपाटावर, लाकडावर आणि कागदावर फुगत बसली होती. दुरुस्तीवाल्याने ती काढून दिली. मी लॅपटॉप पुन्हा त्याच फळीवर ठेवला, आता नुसत्या ॲडॉप्टरवर. तेव्हाच थांबायला हवं होतं. आता वीज गेली की डिस्क फिरता फिरता एकदम बंद पडणार होती, आणि आमच्या भागात गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जायची.

वर्षभराने एका दुपारी फळीवरून टिक टिक असा आवाज आला. फोल्डर उघडेना. भाच्याने येऊन डिस्कने स्वतःबद्दल ठेवलेली नोंद वाचून दाखवली. प्रत्येक डिस्क अशी नोंद ठेवते, हे मला तोवर ठाऊकच नव्हतं. एकूण चालू तास 40 हजारांच्या घरात. वाचता न येणाऱ्या जागांचा आकडा शेकड्यांत. लॅपटॉपची डिस्क दिवसातून काही तास चालावी अशा बेताने बनवतात. मी तिला चार वर्षं रात्रंदिवस फिरवलं होतं आणि एकदाही तिची तब्येत विचारली नव्हती.

त्या संध्याकाळी आम्ही नवी ड्राइव्ह आणली. जुन्यातलं उतरवून घ्यायलाही नवी लागतेच. डीडीरेस्क्यू नावाचं साधन आधी चांगल्या जागा भराभर वाचून घेतं आणि मग खराब जागांवर पुन्हा पुन्हा प्रयत्न करतं. ते चार दिवस चाललं. शेवटी 38 रेकॉर्डिंग धड मिळाली. तीन अशी मिळाली की आत्या गाता गाता गप्प होते. जी जागा वाचता आली नाही तिथे शून्यं भरली जातात, आणि ध्वनीत शून्य म्हणजे निव्वळ शांतता. कुठे सहा सेकंद, कुठे पाऊण मिनिट. एका ठिकाणी ती माझ्या आजीचं नाव घेते आणि पुढे काही नाही. मागे ओरडणारा कोंबडासुद्धा तिथे थांबतो.

मी 31 वर्षं बँकेत होते. शाखेत संगणक आले तेव्हा रोजचे व्यवहार बंद झाल्यावर बॅकअपची टेप काढून तिच्यावर वार लिहायचा, आणि एक टेप दुसऱ्या शाखेच्या तिजोरीत ठेवायला पाठवायची, हे काम कित्येक वर्षं माझ्याकडे होतं. परक्यांच्या पैशाच्या नोंदींसाठी मी ते एक दिवस चुकवलं नाही. तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर, असा नियम छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केला आहे. तो वाचताना त्यात मला काही नवं वाटलं नाही, माझा हात तो नियम जाणत होता. आत्याची 41 रेकॉर्डिंग मिळून जेमतेम 25 जीबी होतात. 32 जीबीच्या काही शे रुपयांच्या पेनड्राइव्हमध्ये त्यांची दुसरी प्रत मावली असती. मी वाद घालत होते तो लॅपटॉप की ड्राइव्ह असा. प्रत एकच आहे याकडे माझं लक्षच नव्हतं, कारण काही विकत न घेता भागवलं या समाधानात मी होते.

भाच्याचं म्हणणंही आता मी थोडं दुरुस्त करून घेतलं आहे. एकच ड्राइव्ह घेऊन जुनं पुसून टाकलं असतं तरी मी तिथेच असते. ड्राइव्हही हातातून पडते, बिघडते. म्हणून दोन घेतल्या. एक माझ्याकडे, एक साताऱ्याला भावाच्या घरी, लोखंडी कपाटात सातबाऱ्याच्या कागदांबरोबर. गौरी-गणपतीला गेले की दोन्हींची अदलाबदल होते. लॅपटॉप अजूनही टाकलेला नाही. जुन्या डिस्कच्या जागी छोटी एसएसडी घातली आहे आणि त्यावर मी आत्याच्या ओव्या ऐकून उतरवून घेते. काम असलं की तो चालू, नाही तर बंद. जुनी डिस्क धड असलेला लॅपटॉप कुणाकडे असेल तर ती काढून तीन-चारशे रुपयांच्या केसिंगमध्ये घालावी आणि जादा प्रत म्हणून खुशाल वापरावी. एकमेव प्रत मात्र तिच्यावर ठेवू नये, हे मी हात जोडून सांगते.

गेल्या श्रावणात त्या तीन रेकॉर्डिंगचे तुकडे घेऊन मी मुळशीला गेले. आत्याच्या सुनेला ऐकवले. वहिनी डोळे मिटून ऐकत होती. आजीच्या नावापाशी शांतता आली आणि तिने थांबायला सांगितलं. मग जमिनीवर हात फिरवत ती पुढची ओवी म्हणू लागली, अडखळत, दोनदा मागे येऊन. एक ओळ तिला आठवेना. "शेजारच्या काकूंना येत असेल," ती म्हणाली, "पण त्यांना आता ऐकू कमी येतं, सकाळी जाऊ." मी रेकॉर्डर बंद केला, त्यातलं कार्ड काढून कंबरेच्या पिशवीत ठेवलं आणि सकाळसाठी दुसरं कार्ड घातलं.