कालव्याकाठची दप्तरं

मला वडगावला दिलंय असं सांगितलं, की मैत्रिणींचा पुढचा प्रश्न ठरलेला, "कुठलं गं? मावळातलं का?" मग मी म्हणते, "नाही बाई, निंबाळकरांचं. बारामती तालुक्यातलं." एवढ्यानं काही उलगडा होत नाही. मोरगावचा गणपती आणि सोमेश्वरचा साखर कारखाना, अशा दोन खुणा दिल्या की मग कुठे मान हलते. आगगाडीनं यायचं तर नीरा स्टेशनला उतरायचं आणि बारामतीकडे जाणारी एस.टी. धरायची. खिडकीतून दिसतो तो ऊस, ऊस आणि ऊस, आणि मधूनमधून नीरा डावा कालवा. याच तालुक्यात वर सुप्याकडे गेलं तर उन्हाळ्यात पाण्याच्या टँकरची वाट बघतात, हे आमच्याकडचं हिरवंगार बघून खरं वाटत नाही.

पण आज ऊस-पाण्याचं सांगायचं नाही. सांगायचं आहे ते दप्तरांचं. आमचं घर शाळेच्या वाटेवर. सकाळी दारात सडा घालता घालता मला मुलांचे चेहरे दिसायच्या आधी दप्तरंच दिसतात. लग्न होऊन आले तेव्हा एवढं लक्ष जात नसे. पण गेली सहा वर्षं एका शाळेत अर्धवेळ शिकवते आहे. बी.ए.ला मराठी होतं, ते असं कामी आलं. तेव्हापासून हा छंदच जडला म्हणा ना.

कालव्याच्या भरावावरून वाड्या-वस्त्यांवरची मुलं सायकलीवर येतात. कॅरिअरला जुन्या ट्यूबची पट्टी आणि तिच्यात आवळलेलं दप्तर. हँडलला डब्याची पिशवी, ती गुडघ्याला आपटत असते. आठवी-नववीचे दादालोक दप्तर एकाच खांद्यावर टाकतात. दोन्ही पट्ट्या घालणं म्हणजे बाळबोधपणा! कुणा पुढाऱ्याच्या वाढदिवसाला वाटलेली दप्तरंही असतात. त्यावरचा हसरा फोटो पावसाळ्यापर्यंत टिकतो, चेन मात्र दिवाळीआधीच जाते. आणि एक दृश्य रोजचं. पाठीवर स्वतःचं आणि पोटाशी धाकट्या भावाचं दप्तर घेतलेली बहीण. भाऊराया पुढे काठीनं गवत झोडपत मोकळे. मी एकदा हटकलं, तर ती म्हणाली, "बाई, त्याला जड होतं." ती स्वतः चौथीत, तो दुसरीत.

एस.टी.ची तर तऱ्हाच वेगळी. गाडी थांबायच्या आत खिडकीतून दप्तर आत फेकायचं, ते पडेल ती जागा आपली. एकदा मी पाहिलं, बाकावर दप्तर ऐसपैस बसलेलं आणि त्याची मालकीण दारात लोंबकळते आहे, गर्दीत तिला आतच शिरता येईना!

सासूबाईंना हे सांगितलं की त्या हसतात. त्यांचं दप्तर म्हणजे वडिलांच्या जुन्या धोतराची पिशवी, दोन वेळा निळीत बुडवलेली. आत पाटी, पेन्सिलीचे तुकडे आणि एक पुस्तक. बालभारतीची स्थापना झाली १९६७च्या जानेवारीत. सासूबाई त्यानंतर दोन-तीन वर्षांत शाळेत गेल्या, म्हणजे त्या नव्या पुस्तकांवर शिकलेल्या पहिल्या-पहिल्या मुलांपैकी. पण पुस्तक कोरं कधी मिळालं नाही. चुलतबहिणीचं त्यांना, त्यांचं मागच्या भावाला. म्हणून जपायचं किती! वर्तमानपत्राचं कव्हर, पानात मोरपीस, शिवाय विद्येचं पान. घरी आल्यावर ते सगळं कोनाड्यात, देवाच्या शेजारी. पाय लागला तर पुस्तकाच्या पाया पडायचं. दसऱ्याला पाटीवर सरस्वती काढून पूजा. "आमचं दप्तर हलकं होतं," त्या म्हणतात, "पण सातवीनंतर तेही खाली ठेवलं." यापुढे त्या कधी काही बोलत नाहीत. मीही विचारत नाही.

आता आमच्या चिरंजीवांचं दप्तर. आमच्या ह्यांचं खतांचं दुकान आहे. तिथला ताणकाटा मी मागच्या जूनमध्ये घरी मागवला आणि तुळईला अडकवून दप्तर टांगलं. भरलं सव्वापाच किलो! मुलगा पाचवीत, वजन तीस किलो. मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून दप्तर जड नसावं, असा राज्य सरकारचा आदेश जुलै २०१५ मध्येच निघाला आहे. म्हणजे आमच्या हिशेबानं तीन किलो. केंद्राचं २०२०चं दप्तर धोरण तर आणखी कडक. त्यात पाचवीला अडीच किलोच्या वर जायला परवानगी नाही. यशपाल समितीनं ओझ्याविना शिक्षणाचा अहवाल दिला त्याला, १९९३ पासून, तीस वर्षं होऊन गेली. ऑगस्ट २०१६ मध्ये चंद्रपूरला सातवीतल्या दोन मुलांनी दप्तराच्या ओझ्यावर चक्क पत्रकार परिषद घेतली होती. तेव्हा सगळ्यांनी कौतुक केलं आणि दुसऱ्या दिवशी दप्तरं तेवढीच राहिली.

मीही तावातावानं शाळेत बोलायला निघाले होते. निघण्यापूर्वी म्हटलं, एकदा दप्तर रिकामं तर करून बघू. पुस्तकं-वह्या वेगळ्या काढून तोलल्या, त्या पावणेतीन किलो. मग उरलेलं अडीच किलो कशाचं? लिटरची स्टीलची बाटली भरून दीड किलोच्या जवळ. ती कुणी घेतली? मी. तीन कप्प्यांचा डबा? मीच. कंपासपेटी दोन, कारण एकीवर मोटारगाडी आहे. आत पाच खोडरबर, एक भोवरा, चिंचोके, मागच्या वर्षीची एक वही आणि तळाशी वाळून कोळ झालेलं लिंबू. मुकाट्यानं ताणकाटा दुकानात परत पाठवला. मैत्रिणींनो, दर शनिवारी दप्तर पुरतं उलटं करून झटका, वेळापत्रक झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवा आणि शाळेत पिण्याचं पाणी चांगलं असेल तर अर्ध्या लिटरची बाटली द्या. आमचं दप्तर एवढ्यानं साडेतीनवर आलं. उरलेलं अर्धा किलो शाळेचं. ते मागायला आता तोंड आहे.

मात्र एका दप्तरापुढे मला आजही ओशाळायला होतं.

दिवाळी झाली की आमच्याकडे ऊसतोडीच्या टोळ्या येतात. बीडकडच्या, अहिल्यानगरकडच्या. कारखान्याच्या आसपास, शेताच्या कडेला त्यांच्या कोप्या उभ्या राहतात. बांबूच्या कमानी आणि वर चटई नाहीतर पाचट. मुलं गावी राहावीत म्हणून तिकडे हंगामी वसतिगृहं असतात, पण सगळीच मुलं काही मागे राहत नाहीत. आलेल्यांपैकी थोडी शाळेत येतात. सरकारनं अशा मुलांसाठी शिक्षण हमी कार्ड काढलं आहे. ते दाखवलं की जिथे असतील तिथल्या शाळेनं त्यांना बसवून घ्यायचं.

जानेवारी २०२४ मध्ये अशीच एक मुलगी माझ्या पाचवीच्या वर्गात येऊन बसू लागली. हातात दुकानाची प्लास्टिकची पिशवी, तिच्यात एकच पुस्तक. त्याला कव्हर नाही, कोपरे दुमडलेले, धुराचा वास. वही नाहीच. मी तिला तीन दिवस सांगितलं. चौथ्या दिवशी माझी चिडचिड झालेली होती. घरचं काय असेल ते असेल. सगळ्या वर्गादेखत म्हणाले, "उद्या वही आणल्याशिवाय वर्गात बसायचं नाही." ती खाली बघत राहिली. दुसऱ्या दिवशी आलीच नाही. तिसऱ्या दिवशीही नाही.

संक्रांत १५ जानेवारीला होती. तिळगूळ घेतला आणि मुलाला बरोबर घेऊन कोप्यांकडे गेले. आई फडावर गेलेली. मुलगी कोपीच्या तोंडाशी धाकट्या भावाला सांभाळत वाढ्यांच्या पेंढ्या बांधत होती. मला बघून उभी राहिली. मी म्हटलं, "शाळेत का येत नाहीस गं?" ती म्हणाली, "बाई, तुम्हीच नको म्हणालात."

आत वाकून पाहिलं. चूल, दोन हंडे, अंथरुणाची वळकटी, एक पत्र्याची पेटी, तिला कुलूप. पेटीत धान्य, कपडे, रेशनकार्ड आणि तिचं ते हमी कार्ड. पुस्तकाला तिथे जागा नव्हती. ते वर बांबूला, खताच्या रिकाम्या गोणीत बांधून टांगलेलं होतं. खाली ठेवलं तर शेळी खाते, उंदीर कुरतडतो आणि पहाटे दंवानं भिजतं. पहाटे तीन-चारला आई-बाप फडावर निघतात, तेव्हा अंधारात हात वर केला की सापडलं पाहिजे, म्हणून अगदी तिच्या उंचीवर टांगलेलं. इतका विचार करून ठेवलेलं पुस्तक माझ्या घरात एकही नव्हतं.

तिनं ते काढून दाखवलं. तुम्हाला आठवत असेल, २०२३-२४ मध्ये सरकारनं सगळे विषय एकत्र करून चार भागांतली पुस्तकं काढली होती आणि धड्यांना जोडून टिपणासाठी कोरी पानं घातली होती. दप्तर हलकं व्हावं म्हणून. आम्ही पालक आणि शिक्षिका त्यावर पुष्कळ हसलो होतो. पानं असूनही वर्गात सगळ्यांच्या वह्या होत्याच, उलट पुस्तक जाड झालं. माझ्या मुलाच्या पुस्तकातली पानं कोरीच राहिली होती. एकावर तर मी घाईत किराणाची यादी लिहिली होती.

तिच्या पुस्तकात एक पान रिकामं नव्हतं. पेन्सिलीनं, बारीक अक्षरात, समासातसुद्धा लिहिलेलं. माझ्या वर्गातल्या त्या तीन दिवसांतलंही. मी फळ्यावर दिलेले समानार्थी शब्द तिथे होते, प्रश्नोत्तरं होती. वही नाही म्हणून जिला मी रागावले, तिची वही त्या पुस्तकातच होती. गावाहून निघताना तिनं भाग तिसरा आणि चौथा तेवढे आणले होते, पहिले दोन आजीकडे. पाच-सहा महिन्यांची अख्खी शाळा दोन पुस्तकांत बसवून ट्रॉलीवरून आली होती. चौथा भाग तर अजून गोणीतच होता. "मार्चमध्ये लागंल," ती म्हणाली.

मला धड बोलता येईना. "उद्या ये" एवढंच म्हणाले. घरी येऊन सासूबाईंना सांगितलं, तर त्या काही न बोलता दुकानातली धुतलेली गोणी घेऊन मशिनवर बसल्या. आतून जुन्या साडीचं अस्तर, वर झाकण, दोन रुंद पट्टे आणि मागे टांगायला दोरीचा भक्कम फास. फास त्यांनीच सुचवला. वह्या मी दिल्या, दोन. तिसरी नको म्हणाली, जड होईल.

मार्चअखेर टोळी गेली. ट्रॉलीत बाजा, हंडे, कोंबड्या, पत्र्याची पेटी, सगळं रचलेलं. ती वर बसली होती, दप्तर पाठीवर.

जानेवारी २०२५ मध्ये कोऱ्या पानांचा तो निर्णय रद्द झाला. २०२५-२६ पासून पुस्तकं पुन्हा बिनकोऱ्या पानांची. शाळेत ती बातमी आली तेव्हा सगळ्याजणी म्हणाल्या, "बरं झालं बाई." मी काही बोलले नाही. ह्या दिवाळीनंतर पुन्हा कोप्या उभ्या राहिल्या आहेत. कालव्यापलीकडच्या बाजूला आहेत, ती तिची टोळी नाही. सासूबाईंनी चार गोण्या धुऊन वाळत घातल्या आहेत.